रेस्टच्या जागी मंगलाष्टका

सगळे थांबले आणि बापूचा ढोल तेवढा वाजत राहिला. गायनमास्तरांनी हातातली छडी स्टँडवर आपटली.

"थांबवा तो ढोल! इथं शांतता आहे!"

सांगलीतल्या एका चर्चमध्ये नाताळच्या गाण्याची तालीम चालली होती. साठ सालानंतरची गोष्ट. गाणं म्हणजे भजनाएवढं नव्हे. ख्रिस्तजन्माची सगळी कथा, चार आवाजांत गाणारी मंडळी आणि सोबत ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा म्हणजे आमचा लग्नाचा बँड. क्लॅरिनेट, कॉर्नेट, युफोनियम ही फुंकायची वाद्यं आणि ढोल. मी बँडमास्तर. शाळा दुसरीपर्यंत. पण पलटणीच्या बँडात असताना इंग्रजी नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर टिंबं मांडून लिहिलेले सूर, वाचायला शिकलो होतो. त्या भागात ते वाचता येणारा दुसरा बँडवाला मला दाखवा.

मास्तरांकडं छापील पुस्तक एकच. त्यात सगळ्यांचे सूर एकाखाली एक. त्यातून प्रत्येकाचा वेगळा कागद काढायचा, त्याला पार्ट म्हणतात. माझ्या माणसांना टिंबं कळत नव्हती, म्हणून मी ती सारेगममध्ये उतरवली. ते सगळं जमलं. अडलं ते जिथं काही वाजवायचंच नाही तिथं. त्याला रेस्ट म्हणतात. बाळाचा जन्म सांगताना ऑर्केस्ट्रा गप्प होतो, फक्त बायका हळू गातात. मग ढोलासकट सगळी वाद्यं एकदम वाजून उठतात.

बापू माझा चुलतभाऊ, कोरेगावचा. वरातीत बाकीचे दम खायला थांबले तरी ढोल थांबत नाही. ढोल थांबला की वरात थांबते.

"बापू, गप बस की रं तिथं."

"का? हात मोडल्यात व्हय माझं? सगळी गप झाली की ढोलानं सांभाळायचं. तूच शिकिवलंस."

"मास्तर न्हाई म्हणत्यात."

"मास्तरानं कवा वरात काढलीया?"

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "बँडमास्तर, उद्या परत असं झालं तर ढोल काढून टाकतो."

"ढोल गेला तर बँड गेला," मी म्हणालो. "भावाला भाईर घालवून मी आत खुर्चीवर बसणार न्हाई."

बापूनं सगळं ऐकलं होतं. तो ढोल बांधत होता, कोरेगावची एस.टी. धरायला.

मी विचारलं, "बापू, मंगलाष्टका चालू असताना तू वाजवतोस का रं?"

"खुळा हायस काय? भटजी मारंल."

"मग काय करतोस?"

"टिपरू वर धरून हुबा ऱ्हातो. शेवटच्या अक्षता पडल्या की हाणतो."

"मग त्या बायका गात्यात त्या मंगलाष्टकाच समज."

"आन नवरा कुठाय?"

"नवरा न्हाई, बाळ हाय."

"थेट बारसंच? लय पुढं गेलीत की ही माणसं!"

बापू हसला आणि बांधलेला ढोल परत सोडला. मी त्याच्या पार्टवर रिकाम्या घरांत आडवं 'मंगलाष्टका' लिहिलं. जिथं उठायचं तिथं 'वाजवा'. एवढं त्याला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीत बापू बरोबर गप्प बसला आणि बरोबर उठला. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तालीम तिथंच संपवली.

नाताळच्या दिवशी चर्च भरलेलं. बायका गायल्या. बापू टिपरू वर धरून दगडासारखा उभा. मग त्यानं असा हाणला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. अगदी जागेवर. मास्तरांनी माझ्याकडं बघून मान डोलावली.

पुस्तकाप्रमाणं ढोलाचे चारदोन ठोके, मग परत गप्प, आणि गाणं हळूहळू विरून संपायचं. पण अक्षता पडल्यावर कुठला बँड थांबलाय? बापू सुटला. त्याचा ठोका ऐकून कॉर्नेटवाल्यालाही चेव आला. गाणारी मंडळी बिचारी ओरडून गायला लागली. मागच्या बाकांवर टाळ्यांचा ताल सुरू झाला. मास्तरांची छडी खाली आली. शेवटी मी उठून ढोलाच्या कातड्यावर तळवा ठेवला.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "अहो, शेवट शांत होता!"

बापूनं कागद पुढं केला. "हितं 'वाजवा' लिवलंय. 'थांबा' कुठं लिवलंय, दावा."

मास्तरांनी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, बापू म्हणतो ते खरं आहे.

पुढच्या नाताळला त्यांनी आम्हालाच बोलावलं, ढोलासकट. त्या खेपेला पार्ट लिहिताना मी आधी शेवटचं 'थांबा' लिहिलं, मोठ्या अक्षरांत. बाकीचे सूर नंतर. बँडवाल्याला सुरुवात शिकवावी लागत नाही.