रिपोर्टाच्या आधीचे दोन दिवस

तिशीतच मला डायबिटीस झाला आणि सुरतेतल्या आमच्या सोसायटीला आयतं काम मिळालं. खालच्या मजल्यावरच्या बेन रोज कारल्याचा रस आणायच्या. "पी जाओ बेन, दवा छे." घरात सासूबाई होत्याच. साखरेचा डबा त्यांच्या कपाटात, साड्यांखाली. हळदीकुंकवाला पेढ्यांचं ताट माझ्यासमोरून असं झटकन पुढे जायचं, जणू मी हात लावला तर पेढ्यांनाच डायबिटीस होईल.

चारचौघांत मी अगदी साध्वी. अर्धी भाकरी, भात नको. दुपारी सासूबाई घोरू लागल्या की मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्यानं खायची. लाडू, गूळ, काहीच नसेल तर सकाळचा गार भात, पोट दुखेपर्यंत. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, ती माझी रोजचीच. चव कळायची नाही. मग स्वतःची इतकी शिसारी यायची की रात्री जेवायचीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "बघा, जिभेवर काय ताबा आहे!"

साखरेच्या तपासणीच्या आधीचे दोन दिवस मी गोळ्या चालू ठेवून अन्न सोडायची. रिपोर्ट छान यायचा. सासूबाई तो शेजारीपाजारी दाखवून यायच्या, नातू बोर्डात आल्यासारखा.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, अख्खी सुरत माव्याची, तुपात घोळलेली घारी खाते. एका वर्षी तपासणी नेमकी त्याच सकाळी आली. रक्त देऊन परतले आणि जिन्यातच हातपाय कापायला लागले, घाम फुटला. खालच्या बेननी साखरेचं पाणी पाजलं, कारल्याच्याच पेल्यातून.

सासूबाईंनी तसंच दवाखान्यात नेलं. साखर फारच उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"दोन दिवस अन्नाला शिवली नाही!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि एरवी?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगून टाकलं. दाराचं, गुळाचं, शिसारीचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हलकंही वाटलं. "थोडं खा, पण सगळ्यांबरोबर, बसून," ते म्हणाले.

संध्याकाळी सासूबाईंनी पाव घारी ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवली. "खा गं." घरातले सगळे माझ्याकडे न बघण्याची शिकस्त करत होते. मी तुकडा तोंडात घातला. भूक होती, घारी ताजी होती, तरी तो गिळताच येईना. माझी नजर सारखी स्वयंपाकघराच्या त्या दाराकडे जात होती.