मी, शेतकऱ्याची लेक

शहाद्यातल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत वर्षानुवर्षं गाजरगवत आणि डुकरं सुखानं नांदत होती. गेल्या दिवाळीनंतर बायकांनी ती जागा साफ करून दहा वाफे पाडले, घरटी एक. अट अशी, की रविवार संध्याकाळपर्यंत वाफा खणून मेथी पेरली नाही तर तो दुसऱ्या घराला जाणार. मी बत्तीस वर्षं कचेरीत फायली हलवलेली बाई. कुणीतरी माझ्याकडे बघून गालात हसलं. मी ताडकन म्हणाले, "मी शेतकऱ्याची लेक आहे, मला शिकवू नका." एवढ्यावर थांबावं की नाही! पण मी गावी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन करून रविवारी लेकीची शेती बघायला बोलावलं.

माती कडक वाटली म्हणून बुधवारी नळी सोडली आणि जरा आडवी झाले. उठून बघते तर वाफ्याचं तळं. गुरुवारी त्यातच कुदळ घेऊन उतरले. एक चप्पल आत गेली, ती अजून आतच आहे. शेजारच्या वाफ्यावर सातपुड्यातल्या मोलगीकडची एक नर्स होती, आमच्याच कॉलनीत राहणारी. ती म्हणाली, "ताई, वापसा येऊ द्या. ओल जरा उतरली की माती मोकळी होते."

वापसा हा शब्द मी लहानपणापासून रोज जेवताना ऐकत आले होते. तो फक्त ताटावर बोलायचा विषय असावा, अशी माझी समजूत. मी ऐकलं नाही. दोन दिवस चिखल तुडवला, वर ऊन पडलं, आणि रविवारी माझ्या वाफ्यात घर बांधता येईल इतकी ढेकळं तयार होती.

सकाळच्या एसटीनं आबा आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, वय चौऱ्याऐंशी. बांधावर उभे राहून त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. "वाकीसन मार! जोरमा मार!" अर्ध्या तासानं मी कुदळ त्यांच्या पुढ्यात टाकली. "आबा, तुम्हीच दाखवा."

त्यांनी ती उलटी धरली.

आबा खालच्या आवाजात म्हणाले, "हाई काम सालदार करेत. मी बांधवर उभा ऱ्हाऊ."

मला आधी हसू फुटलं, मग शरम वाटली. आमचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, सगळे नर्सच्याच डोंगरातले. जमीन त्यांनी कसली आणि शेतकरी म्हणून मिरवलो आम्ही.

नर्सनं हे सगळं ऐकलं होतं. ती घरी गेली आणि नवऱ्याला, दोन भावांना घेऊन आली. मी मजुरी विचारली तर म्हणाली, "मजुरी कसली? आमच्याकडे लाह असते. आज आम्ही तुमच्याकडे राबायचं, तुम्ही जेवू घालायचं. उद्या माझ्या घरामागची जागा खणायची आहे, तिथं तुम्ही यायचं." त्यांनी ढेकळांवर पाणी शिंपडलं, थोडं थांबून कुदळीच्या पाठीनं फोडली. दुपारी मेथी पेरून झाली. मी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. वाफा वाचला.

सोमवारी आबा गावी जाणार होते. मी उठले तर ते धोतर खोचून दारात उभे. तुम्ही नका येऊ म्हणून मी पुष्कळ सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. नर्सच्या परसात त्यांनी खरंच खणलं, दर चार घावांनंतर बसत, तिच्याकडून कुदळ सरळ धरायला शिकत. "आबा, जोर नका लावू, तिच्या वजनानं पडू द्या," ती म्हणायची आणि ते शाळकरी पोरासारखी मान डोलवायचे.

तासाभरानं त्यांच्या तळहातावर टपोरा फोड आला. नर्स लगेच मलम घेऊन धावली. आबांनी हात पाठीमागे लपवला.

"ऱ्हाऊ दे बेटा. हाऊ फोड गावमा दखाडना शे."