साखरपुड्याची साडी

झरीच्या आसारामची धाकटी पोर शिवकन्या पुण्याला शिकायला गेली ती थोरल्या बहिणीमुळं. थोरल्या सविताचे कान लहानपणीच तापात गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची, पण सगळ्यांचं नाही. आईचं, म्हणजे छबूबाईचं, निम्मंअर्धं कळायचं. शिवकन्येचं मात्र सगळं. कापूस वेचताना दोघी लांबून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी गप्पा मारायच्या. बाकीच्या बाया म्हणायच्या, "काय बोलायल्यात गं ह्या?"

बहिऱ्या लेकरांना बोलायला शिकवायचंही शिक्षण असतं, हे शिवकन्येला बारावीत कळलं आणि तिनं दुसरं काही मनात आणलंच नाही. पुण्याच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला.

बापलेक खोली शोधायला निघाले. एका बाईंनी दार अर्धं उघडून विचारलं, "कुठले तुम्ही?"

"परभणीचे," आसाराम म्हणाला.

"तिकडच्यांना नाही देत आम्ही. एक मुलगी म्हणून येते आणि मागून सगळं गाव उतरतं."

आसाराम प्यायला पाणी मागणार होता. तो तसाच जिना उतरला. शेवटी होस्टेलमध्ये जागा मिळाली.

पहिल्याच आठवड्यात वर्गात चित्र बघून बोलायचं होतं. शिवकन्या उभी राहिली. "बाई भाकर करायलीय. लेकरू रडायलंय." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलं तुझं ऐकून बोलायला शिकणार. त्याआधी तुझीच वाचा दुरुस्त करावी लागेल."

त्या दिवसापासून तिचं नाव 'करायलीय' पडलं. होस्टेलचं पाणी गेलं की कुणीतरी म्हणायचं, "हिला काय, सवयच असेल. मराठवाडा ना?" खोलीतली निकिता स्वभावानं चांगली होती. पण शिवकन्या 'लय' म्हणाली की ती बोट वर करून म्हणायची, "खूप. लय नाही, खूप. तुझ्या भल्यासाठीच सांगते गं."

शिवकन्या आधी गप्प झाली. मग स्वतःचा आवाज मोबाईलमध्ये भरून, परत परत ऐकून, एकेक शब्द बदलत गेली. घरी फोन करायचा तर ती गच्चीवर जायची, कुणी ऐकू नये म्हणून. पुढं गच्चीवर जायची गरज उरली नाही. बापाशीही ती तसंच बोलू लागली. आसाराम मग "हो, हो" म्हणायचा. एकदा तर तो चुकून म्हणून गेला, "तुमी जेवलात का?" दोघंही गडबडले.

तिसऱ्या वर्षी त्याच मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू परभणीची आहेस हे आता सांगूनही खरं वाटणार नाही." त्या दिवशी शिवकन्येला दोन घास जास्त गेले. तिनं व्हिडिओ कॉलवर सविताला सगळं सांगितलं. सवितानं मान हलवली, ती हसली.

त्याच हिवाळ्यात पिंगळीचे व्यंकटराव आपल्या मुलासाठी सविताला मागणी घालायला आले. मुलगा चांगला होता. सवितानं नेहमीसारखा सगळ्यांना चहा दिला. ते गेल्यावर छबूबाईनं शिवकन्येला फोन केला. "तूच इचार तिला. तुझंच तिला नीट कळतं."

शिवकन्येनं व्हिडिओ कॉल लावला. "सविता, ते जे स्थळ आलंय ना, ते पसंत आहे का? तुझा होकार आहे?"

सविता तोंडभर हसली आणि तिनं जोरजोरात मान हलवली.

साखरपुडा ठरला. शिवकन्या आदल्या दिवशी आली. सविता नुसती लगबग करत होती. शिवकन्येचे केस तिनंच विंचरले, गजराही तिलाच माळला. दुपारी पाहुणे आले. बाया पाटाशी बसल्या. व्यंकटरावांच्या बहिणीनं सविताला कुंकू लावलं आणि साडी तिच्या खांद्यावर टाकली. सविता हसली. तिनं ती साडी काढली आणि शिवकन्येच्या खांद्यावर ठेवली.

"हिची हाय," ती आपल्या जाड, तुटक आवाजात म्हणाली. "शिवाची."

बायाही हसल्या. सविताची चूक झाली असं समजून छबूबाईनं साडी परत तिच्या अंगावर टाकली. तेव्हा सविताचा चेहरा उतरला. तिनं आईकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं, आणि उठून आत गेली.

"पोरीला इचारलं न्हवतं का?" व्यंकटराव म्हणाले.

"इचारलं की," छबूबाई म्हणाली. "हिनंच इचारलं."

सगळे शिवकन्येकडं बघू लागले. ती आत गेली. सविता धान्याच्या पोत्यांना टेकून बसली होती.

"मला वाटलं, तुझी सोयरीक हाय," सविता म्हणाली. "तू काय बोलती, मला कळंना. लय दिवसापासून."

"मग मान का हालवायचीस?"

"तू दमल्यावानी दिसायचीस." मग ती म्हणाली, "मला न्हाई जायचं तिकडं. सांग त्यायला."

शिवकन्या बाहेर आली आणि तिनं सांगितलं. पाहुणे न जेवता गेले. छबूबाई कितीतरी दिवस धाकटीशी बोलली नाही. सविताला पुन्हा कुणी विचारायला आलं नाही.

शिवकन्या आता परभणीत एका दवाखान्यात बहिऱ्या लेकरांना शिकवते. "घरात बोलता तसंच बोला लेकराशी," असं ती आयांना सांगते, आणि त्या बाया तिच्यासमोर अडखळत शुद्ध बोलायला बघतात. "अवो, मी झरीचीच हाय," असं ती म्हणाली, तर बाईंचा मोठेपणा समजून त्या हसतात.

सविताशी ती जुन्याच शब्दांत बोलते. पण प्रत्येक शब्दाआधी तिला क्षणभर थांबावं लागतं, आणि ते थांबणं सविताला दिसतं. शेजारच्या कडूबाईची नवी सून जवळच्याच बोरी गावची आहे, तोंडभरून बोलणारी. सविताचं हल्ली तिच्याशी जमतं. सुट्टीला शिवकन्या घरी आली की सविता त्या सुनेपासून उठून येते आणि पाहुण्यांसाठीच्या कपबशीत तिला चहा आणते. घरातले सगळे पितळीत पितात.