एकच बूट घेणारे चीफकाका

इथं परदेशात, बुकित बातोकमधल्या आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे चीफकाका माणसांना चेहऱ्यानं नव्हे, चपलांनी ओळखत. सारा जन्म जहाजांच्या इंजिनांत घालवलेला हा सहा फुटी रत्नागिरीकर चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला आणि निव्वळ हौसेनं शेजाऱ्यांची पादत्राणं दुरुस्त करू लागला. लिफ्टमध्ये भेटले की नजर थेट पायांवर. "डावी टाच झिजलीय. बॅग त्याच खांद्यावर घेता ना?" दुरुस्तीला मात्र जोडी कधी घेत नसत, एकच बूट. कुणा आयरिश कप्तानानं त्यांना लेप्रकॉनची गोष्ट सांगितली होती: कुंपणाआड बसून बूट शिवणारा वीतभर म्हातारा, जवळ सोन्यानं भरलेला हंडा आणि हातात कायम एकच बूट. त्याच्यावरची नजर हलवली नाही तर तो सोनं देतो, हलवली की पळतो. "त्याला जोडी चालत नाही, मग मला कशी चालेल?" असं काका विचारत. त्यापायी, दोन जोड्यांतला एकेक बूट काकांकडे असताना, माझा नवरा एकदा एक काळा, एक तपकिरी बूट घालून जुरोंग ईस्टच्या ऑफिसात प्रेझेंटेशन देऊन आला.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे आली, पण घराबाहेर पडेना. शेवटी फार विनवण्या करून आम्ही तिला बोटीनं पुलाउ उबीनला नेलं. काकाही आले. बेटावर अर्ध्या वाटेत आईच्या बुटाचा अख्खा सोल सुटून पडला. ती रस्त्याकडेला बसली. "मला यायचंच नव्हतं. आता चालू तरी कशी?"

काकांनी समोर मांडी ठोकली, कमरेच्या पाऊचमधून आरी आणि मेण लावलेला दोरा काढला. "वहिनी, माझ्यावरची नजर हलवायची नाही. हलली की लेप्रकॉन पळाला, सोनं गेलं!"

"आजी, डोन्ट ब्लिंक लाह!" माझी इथंच वाढलेली लेक इथल्या इंग्रजीत ओरडली.

आई इरेला पेटली. काका शिवता शिवता म्हणाले, "अहो, मागे रानडुक्कर!" तिनं मान वळवली नाही. आम्ही वळवली, तर खरंच रानडुक्कर! आम्ही सगळे पळालो. आई जागची हलली नाही. "असू दे. तुम्ही शिवा."

डुक्कर हुंगून निघून गेलं. आई उठली, पाय दणकन आपटून पाहिला आणि हात पुढे केला. "काढा सोनं!"

"हरलो, वहिनी. शहाळं चालेल?"

दोन शहाळी पिऊन ती आम्हा सर्वांच्या पुढे, ताठ मानेनं जेट्टीपर्यंत चालत आली.

परतीच्या बोटीत आईचं बोलणं थांबेना. काका मात्र लांब नांगरून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांकडे बघत होते. "काय हो, गप्पसे?" तिनं विचारलं.

"काही नाही. त्यातलं एखादं अजून मला घेईल का, ते बघत होतो."

आईनं सरकून त्यांना आपल्या शेजारी, जहाजं नीट दिसतील अशी जागा करून दिली.