माघातली खिरापत

मला राग लवकर येतो आणि आला की लपत नाही. त्या सकाळी पेपर हातात फाटायचाच बाकी राहिला होता. आतल्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली, बारीक अक्षरात एक सूचना होती. आमच्या गल्लीच्या टोकाला जी मोकळी जागा आहे तिथे दुकानं आणि ऑफिसांची इमारत बांधायची परवानगी कोणीतरी मागितली होती. कोणाची आपत्ति असल्यास मुदतीत लेखी कळवावी, असं खाली लिहिलं होतं. आपण हरकत म्हणतो, तिला इकडे हिंदीत आपत्ति म्हणतात.

"मी आपत्ति करून राहिली," मी जाहीर केलं.

"घरात आहेच की एक," यजमान म्हणाले आणि डबा उचलून रेल्वेच्या ऑफिसात निघून गेले.

रायपूर राजधानी झालं आणि बघता बघता जमिनीला सोन्याचा भाव आला. चौबे कॉलनीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. जिथे कालपर्यंत अंगणात कपडे वाळायचे तिथे सरकारी खात्यांच्या पाट्या लागल्या, दारासमोर पांढऱ्या गाड्या उभ्या राहू लागल्या. त्याचं मला काही वाटलं नाही. नवं राज्य आहे, त्यालाही बसायला जागा पाहिजे. पण ती मोकळी जागा कॉलनीच्या नकाशात सगळ्यांसाठी सोडलेली होती आणि तिच्यावर माझा जीव होता.

मी वर्ध्याकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं हिंदी असं होतं की भाजीवालाही हसायचा. दिवसभर कोणाशी बोलायची सोय नव्हती. भादव्याच्या पौर्णिमेला सासूबाई मला त्या मैदानावर घेऊन गेल्या. पुण्या-मुंबईकडे भोंडला असतो तशी आमच्या विदर्भात भुलाबाई. मातीची मूर्ती महिनाभर मखरात बसवायची, तिची गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. हीच खिरापत. इकडे धानाचा मुलूख, म्हणून मखराला ज्वारीचे धांडे कोणीतरी नागपूरहून गाडीने आणायचं. त्या पहिल्या संध्याकाळी मी डबा कानाशी धरला आणि म्हटलं, "करंजी." बरोबर निघालं. सगळ्या बाया ओरडल्या, कोणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि त्या दिवसापासून रायपूर माझं झालं. आता तिथे दुकानं? मी हयात असताना?

अर्ज करणारा परका नव्हता. तो याच गल्लीत वाढला होता. त्याच्या वडलांचं पंडरीला कापडाचं दुकान होतं. पोरगा पुढे बिल्डर झाला आणि तेलीबांध्याकडे मोठं घर बांधून राहायला गेला. मी त्याला पांढरे बूट घालून गाडीतून उतरताना तेवढं पाहिलं होतं.

सुनावणीला मी गेले. त्याचा वकील म्हणाला, "साहब, जगह बेकार पड़ी है। गाजर घास है और गायें बैठती हैं। कॉलोनी ने इसे कभी इस्तेमाल ही नहीं किया।"

मी उठून जे बोलायला लागले ते माझं मलाही नीट आठवत नाही. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, बाकी हातवारे. अधिकारी वयस्क, इकडचेच छत्तीसगढी गृहस्थ होते. शांतपणे म्हणाले, "हव दीदी, बैठिए। वहाँ होता क्या है, इतना बताइए। कोई फोटो है?"

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. भुलाबाईचे फोटो आमच्याकडे ढीगभर, पण सगळे घरातले. ठेवणीतल्या साड्या नेसून, शोकेससमोर, मागे टीव्ही दिसेल अशा बेताने काढलेले. मैदानावर उभं राहून फोटो काढावा असं आमच्यातल्या एकीलाही कधी सुचलं नव्हतं. साहेब म्हणाले, मी स्वतः येऊन जागा पाहतो. त्यांनी दिवस दिला तो माघातला, आणि भुलाबाई बसते भादव्यात.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "आई, त्या दिवशी भुलाबाई बसवू. साहेबाले काय समजते कोणता महिना आहे ते?"

"त्याले नाही समजत, तिले समजते," सासूबाई म्हणाल्या. "माघात भुलाबाई? मी नाही बसवत अन् तुलेही बसवू देत नाही. देवाच्या नावानं खोटं करून जागा वाचवतं काय व?"

"मग जाऊ द्या जागा!" मी भांडं आपटलं. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

"भुलाबाई बसणार नाही. पण खिरापतीले काही महिना लागते काय? कोणीही कधीही करावं अन् खावं. अन् हे पाय, त्या पोट्ट्यालेही निरोप धाड. म्हणाव, काकीनं बोलावलं."

"त्याले काहून? त्याच्या तोंडात घास घालाचा काय आता?"

"तू धाड म्हणते ना मी."

मी निरोप पाठवला, पण दात-ओठ खाऊन.

ठरल्या दिवशी आम्ही मैदानावर सतरंजी अंथरली. गल्लीतल्या बाया आल्या, साहेब आले, त्यांचा बाबू आला, वकील आला आणि पांढरे बूटही आले. सासूबाईंनी साहेबांना आधीच सांगून टाकलं, "आज सण नाही, साहेब। सण भादों में आता है। आज सिर्फ खिरापत है।" मग पदराखालून पितळी डबा काढला आणि आमचा नियम सांगितला: आत काय आहे ते ओळखल्याशिवाय कोणी जायचं नाही.

साहेबांना मजा वाटली. त्यांनी डबा हलवला. आवाज नाही. "ठेठरी?" बाया ओरडल्या, "नाही!" "खुरमी?" "नाही!" वकिलाने मान वाकडी करून "हलवा" म्हणून पाहिलं, त्याचीही फजिती झाली. सासूबाईंनी डबा बिल्डरपुढे धरला.

त्याने डबा हातातसुद्धा घेतला नाही. "दाल वाली!" तो असा ओरडला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. "काकी, पीली दाल वाली!"

सासूबाईंनी झाकण काढलं. वाटली डाळ! वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. आम्ही टाळ्या पिटल्या, मीसुद्धा, राग विसरून. तो तर पांढऱ्या बुटांसकट सतरंजीवर येऊन बसला, चमच्याची वाट न बघता बोटांनीच खायला लागला आणि भरल्या तोंडाने साहेबांना सांगू लागला, "सर, बचपन में मैं रोज़ आता था। पूरा महीना। पढ़ाई छोड़ के आता था, पिताजी मारते थे।"

"रोज़?" साहेबांनी विचारलं. "इसी जगह?"

"और कहाँ, सर? पूरी गली की औरतें यहीं तो..."

वकील खोकला. बिल्डरचा हात डब्यातच थांबला. साहेब बाबूकडे वळून म्हणाले, "लिखो भाई। आवेदक स्वयं बता रहे हैं।" मग त्यांनीही एक चमचा डाळ मागून घेतली.

यथावकाश कागद आला. परवानगी नाकारली होती, जागा मोकळीच राहणार होती. गल्लीत पेढे वाटले गेले. मी स्वयंपाकघरात आनंदाने रडून घेतलं आणि मग सासूबाईंना विचारलं, "आई, तो ओळखन हे तुम्हाले कसं माहीत होतं?"

"तो काय ओळखते!" सासूबाई म्हणाल्या. "जलमात त्यानं खिरापत ओळखली नाही. लाडू असो का करंजी असो, डबा दिसला का 'दाल वाली, दाल वाली' बोंबलायचा. त्याले दुसरं येतच नव्हतं. म्हणून मी डाळ केली."

पुढच्या भादव्यात भुलाबाई बसली. त्यालाही निरोप धाड, असं सासूबाईंनी मला सांगितलं. मला वाटलं, येतो कशाला आता. पण तो आला. जरा तोंड फुगवून, बायकोला आणि लेकीला घेऊन आला. गाणी झाली आणि सासूबाईंनी डबा खळखळा वाजवला. आत शंकरपाळे होते. ते बहिऱ्यालाही कळलं असतं.

"दाल वाली," तो म्हणाला.

मैदानभर हसू फुटलं. "चूक!" मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले आणि डबा त्याच्या लेकीच्या कानाशी धरला.