उत्तर आलंच नाही तर

प्रोग्रामिंगची ती नवी भाषा शिकले तेव्हा मला तिचं कोण कौतुक! आपण तिच्यात लिहायचं, कंपायलर नावाचा भाषांतर करणारा प्रोग्राम त्याची जावास्क्रिप्ट करून देतो आणि ब्राउझरमध्ये तीच चालते. पण हा कंपायलर महाखवट. एक शक्यता लिहायची राहिली तरी अडून बसतो. त्या सकाळी मी त्याला तोंडाला येईल ते बोलले.

अकराला कंपनीला ऑनलाइन पान दाखवायचं होतं, दवाखान्याच्या वेळा घेण्याचं. पसंत पडलं तर कायमची नोकरी, तीही किन्हवलीच्या घरातून. नाहीतर बंगळूरच्या नोकरीचं पत्र येऊन पडलेलंच होतं. मग बाबांना मुरबाडला काकांकडे ठेवायचं. आई नाही, आणि बाबांची उजवी बाजू गेलेली. काकू तोंडाने गोड, पण दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवणार कोण?

पावणेअकराला कंपायलर अडला. म्हणे, वेळांची यादी मागितल्यावर सर्व्हरकडून उत्तर आलंच नाही तर काय दाखवायचं ते लिहिलेलं नाही.

"अरे मेल्या, येईल उत्तर!" मी ओरडले.

तेवढ्यात आतून बाबा म्हणाले, "गो, वळव जरा. पाठ भाजते."

त्यांना वळवून आले तर अकराला पाचच मिनिटं. मग मी या धंद्यात कुणी करू नये ते केलं. वेळांची यादी मूळ लिखाणातून काढून टाकली, म्हणजे कंपायलर अडणार नाही, आणि तयार जावास्क्रिप्टमध्येच हाताने घुसडली. यादी झक्क दिसली.

साहेब खूश झाले. म्हणाले, "छान आहे. फक्त ते बटण जरा वर घ्या ना, आत्ताच."

एवढंच! मी मूळ लिखाणात एक ओळ बदलली आणि सवयीने सेव्ह केलं. सेव्ह केलं की कंपायलर नवी जावास्क्रिप्ट लिहितो, जुनीच्याच जागी. माझं हाताचं सगळं पुसलं गेलं. बटण वर आलं, खाली पांढरं पान. सगळे बघत होते.

"यादी कुठे गेली?"

खोटं सुचेना. खरं सांगितलं.

"तयार फाइलीत हात घालता तुम्ही?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "कळवतो."

आज चार दिवस झाले. फोन खिडकीत ठेवलाय, रेंज तिथेच येते. दर थोड्या वेळाने जाऊन बघते आणि स्वतःलाच शिव्या घालते. उत्तर न आल्याच्या त्या दोन ओळी लिहायला काय धाड भरली होती?

दुपारी बाबांना वळवत होते.

"आलं का गो उत्तर?"

"नाय अजून."

"नाय आलं तं काकाला फोन कर. मी राहीन तिथं. पाठ काय, भाजते नि थांबते."

मुरबाडचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.