पासपोर्टवरची बहीण

"फेकून दे ती बाटली," भाभी म्हणाली. "आता कोण पिणार त्यातून?"

डायलिसिसच्या वॉर्डात म्हणाली. सगळे पलंग भरलेले होते. सिस्टरनं ऐकलं. बाजूच्या पलंगावरच्या रिटायर मास्तरांनी ऐकलं. त्यांच्या मुलीनं ऐकलं आणि मान खाली घातली.

मे महिना होता. मी सकाळपासून उपाशी, भाभीच्या पलंगाशी फरशीवर बसून होती. खुर्ची रिकामी होती. पण भाभीसमोर खुर्चीवर बसायचं नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. डोळ्यापुढे अंधारी आली म्हणून तिच्या बाटलीतलं पाणी प्यायली. दोन घोट. तेही वरून. तोंड लावलं नाही.

किडनीच्या पेशंटला पाणी मापानं मिळते. मला वाटलं, माप चुकलं म्हणून भाभी चिडली. मी म्हटलं, "भाभी, तेवढंच भरून आणते."

"पाण्याचं नाही ग. बाटलीचं बोलून राहिली मी."

मी पाणी मोरीत ओतलं. बाटली डब्यात टाकली. आणि वर "सॉरी भाभी" म्हटलं. अपमान एक वेळ विसरते माणूस. हे माझं सॉरी मला आजही डाचते.

इथे मी कोणाचं नाव लिहीत नाही. माझंही नाही. केस चालू आहे. परदेशातला तो देश कोणता, तेही लिहीत नाही.

आम्ही गोंदियाकडच्या गोरेगावजवळचे. सेठजींची राईस मिल. माझा बाप तिथे हमाल होता. पोती वाहून वाहून त्याची मान एका बाजूला वाकली होती, तशीच वाकडी मान घेऊन तो गेला. आई मिलचं अंगण झाडायची. मिलच्या मागे टिनाची खोली, तिथे आम्ही दोघी. जागा सेठजींची. मी दहावी झाली, नवरा केला, नवऱ्यानं टाकली, परत आली. मग भाभीच्या सोबतीला लागली. भाभी म्हणजे सेठजींची बायको. चाळिशीची असेल. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा गाडीनं गोंदियाला जायचं, चार तास मशीन, परत यायचं. चार वर्षं मी तिच्यासोबत गेली. तिची उलटी काढली. पाय चेपले. हातातली सुई निघाली की रक्त दाबून धरलं. तिचं रक्त माझ्या हाताला लागायचं, ते चालायचं.

बाटलीची गोष्ट झाली त्या उन्हाळ्यात. दिवाळी झाली आणि घराची हवा बदलली.

पहिल्यांदा कप बदलला. माझा कप मागच्या दारी, खिडकीत पालथा असायचा. एक दिवस भाभीनं घरातल्या कपात चहा दिला. म्हणाली, "बस ना ग इथे." सोफ्यावर बस म्हणाली. मी बसली, पण कडेवरच. मनात एकच: काऊन? आज कशासाठी?

मग सेठजी मला "बेटा" म्हणायला लागले. माझ्या बापाला मरेपर्यंत "ए हमाल"च म्हणणारा माणूस.

मग म्हणाले, "भाभी के साथ तेरा भी चेकअप करवा लेते हैं. घर की ही तो है तू."

नागपूरला नेलं. एवढ्या नळ्या रक्त घेतलं की मी मोजायचं सोडून दिलं. पोटाची सोनोग्राफी केली. तिथला मुलगा पडद्याकडे पाहून बोलला, "दोन्ही मस्त आहेत."

मी विचारलं, "दोन्ही काय?"

सेठजी दारातून म्हणाले, "रिपोर्ट. दोनों रिपोर्ट."

घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा.

"आपल्या तब्येतीची एवढी फिकर कायले करून राहिले ते?" आई म्हणाली. "सांभाळून राय बाई."

मला कळलंच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. चार वर्षं त्या वॉर्डात बसली होती मी. कोणाला आईनं किडनी दिली, कोणाला बायकोनं दिली, सगळं ऐकून होती. किडनी घरच्याच माणसाची लागते, बाहेरच्याची चालत नाही, हेही माहीत होतं. भाभीला सख्ख्या बहिणी दोन. एकीला शुगर निघाली. दुसरीच्या घरी लग्न निघालं. मग मीच "घर की" कशी झाली, हे मला दिसत होतं. पण विचारलं आणि खरंच निघालं तर? नाही म्हणावं लागलं असतं. नाही म्हटलं तर टिनाची खोली गेली असती. म्हणून मी विचारलं नाही. संशय पदरात बांधून फिरत होती.

पासपोर्टचं सांगितलं तेव्हा भाभीच्या इलाजाला परदेशात जायचं आहे म्हणाले. "तेरा भी घूमना हो जाएगा." फॉर्म इंग्रजीत. पेन्सिलीनं फुल्या केलेल्या, तिथे सही करायची. मी सह्या केल्या. एका ऑफिसात फोटो काढला, बोटं दाबली. तिथे सेठजींचा ओळखीचा माणूस सोबत होता, सगळं तोच बोलला. पोलीस चौकशीला आला तो बंगल्यावर आला, आमच्या खोलीवर नाही. मी आत भांडी घासत होती. मला बाहेर बोलावलं तेव्हा भाभीनं स्वतःची साडी नेसायला दिली.

पासपोर्ट आला. मला दाखवला नाही. "गुमा देगी तू."

हातात पडला तो विमानतळावर. शिक्का मारणाऱ्या साहेबासमोर प्रत्येकानं एकट्यानं उभं राहायचं असते, म्हणून सेठजींना तो मला द्यावाच लागला. रांग लांब होती. मी उघडला. इंग्रजी वाचता येत नाही असं त्यांना वाटत होतं. भराभर नाही येत. अक्षर अक्षर लावून येते.

माझा फोटो. माझं नाव. पुढे आडनाव भाभीच्या माहेरचं.

पानं उलटली. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव. तिथे भाभीचा बाप. आईचं नाव. तिथे भाभीची आई.

माझी आई त्या वेळी मिलचं अंगण झाडत असेल. माझा बाप मातीत गेलेला. त्याच्याजवळ आयुष्यभर एक नाव होतं, तेही काढून घेतलं. आणि सही माझी.

साहेबानं पासपोर्ट घेतला. माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. मी बोलली नाही. मागे सेठजी उभे होते. साहेबानं शिक्का मारला. पलीकडे गेल्याबरोबर सेठजींनी हात पुढे केला आणि पासपोर्ट काढून घेतला.

विमानात भाभी खिडकीशी, मी मध्ये, सेठजी कडेला. भाभीनं माझा हात धरला होता. गार हात. तिला भीती वाटत होती विमानाची. मला तिची दया आली, आणि त्याच वेळी वाटलं, ही माझा हात धरून राहिली की माल धरून राहिली?

हॉटेलात सेठजींनी सांगितलं. दार लावून, शांतपणे.

"छोटा सा ऑपरेशन है. भगवान ने दो दी हैं, एक से आदमी आराम से जीता है. हफ्ते भर में चलने लगेगी."

पैशाचं काही बोलले नाहीत. उपकाराचं बोलले. तुझ्या बापाला काम दिलं, तुझ्या आईला छप्पर दिलं. माझ्या तोंडून हो निघालं नाही, नाहीही निघालं नाही. त्यांनी ते हो धरलं.

मग दोन दिवस शिकवणी. हॉस्पिटलवाले माझ्याशी एकटीशी बोलणार होते. नातं खरं की खोटं ते पाहणार होते. भाभीनं मला तिचं बालपण शिकवलं. अंगणात आंब्याचं झाड. आपण दोघी एकाच पलंगावर झोपायचो. मला ताप आला तर तू रडायचीस. एका ताटात जेवायचो.

"एका ताटात?" मी विचारलं.

"हो. तसंच सांगायचं."

तिला काही आठवलं नाही. तिचा चेहरा मी नीट पाहिला. खरंच काही आठवलं नाही तिला. बाटली फेकायला लावली ते मी रोज घेऊन झोपत होती, आणि तिच्या लेखी ते घडलंच नव्हतं. माझा हात लागलेलं पाणी चालत नाही, आणि माझ्या पोटातली किडनी जन्मभर पोटात घेऊन फिरायला चालते. कारण ती काढून, धुऊन, त्यांच्या आडनावाची करून मिळणार होती.

तिथे माझ्या आतलं काहीतरी सरळ झालं. राग नव्हता तो. रागात माणूस ओरडते. मी गुपचूप सगळं पाठ केलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल. काचेची खोली. दोन डॉक्टर आणि हिंदी बोलणारी एक दुभाषी बाई. सेठजी आत येऊ लागले, त्यांना बाहेर थांबवलं. दार लागलं.

बाई म्हणाली, "डरो मत. सच बोलना."

तिचाही मला संशय आला. हिचा पगार हॉस्पिटल देते, आणि हॉस्पिटलचं बिल सेठजी भरणार. मी खरं बोलली आणि हिनं उलटंच सांगितलं तर? डॉक्टरांना माझी भाषा येत नाही. मला त्यांची येत नाही. मधे ही एकटी.

"पेशंट आपकी कौन है?"

मी बंद दाराकडे पाहिलं.

"आपके पिताजी का नाम?"

मी माझ्या बापाचं नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट. बाईनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"इसमें दूसरा नाम लिखा है."

"वो मेरा बाप नहीं है," मी म्हटलं. "मेरा बाप हमाल था. मैं इनके घर काम करती. बहन नहीं हूँ. मेरे को कोई पूछा नहीं. मेरे को नहीं देना है."

हिंदी अशीच मोडकी निघाली. पण आवाज कापला नाही. बाई किती तरी वेळ डॉक्टरांशी बोलली. तिनं खरंच सांगितलं, हे मला एका डॉक्टरच्या हातावरून कळलं. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि फाईल बंद केली. बाईनं मला विचारलं, पासपोर्ट कोणाजवळ आहे? तिनं माणूस पाठवून तो सेठजींकडून मागवला आणि माझ्या हातात दिला. खोटा होता, पण त्याच्याशिवाय घरी येता येत नव्हतं. मी ब्लाउजमध्ये ठेवला.

हॉटेलात सेठजी म्हणाले, "फॉर्म पे साइन तेरी है. जेल तू जाएगी."

भाभी ओरडली नाही. पलंगावर बसून होती. पाय सुजलेले. हळूच म्हणाली, "मी मरून जाईन ना ग."

"मग मले इचारायचं होतं, भाभी."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"माहीत नाही. पण तुमी इचारलंच नाही ना."

तिचं दुखणं खोटं नव्हतं. चार वर्षं मी ते पाहिलं. आजही ती मशीनवर जाते, आणि तिला दुसरी किडनी मिळावी असं मला वाटते. कोणी समजून-उमजून दिली तर.

परतीची तिकिटं काढलेलीच होती, सेठजींनी तारीख अलीकडे आणली. परत आली त्या आठवड्यात आईचं काम गेलं, खोली गेली. आम्ही गोंदियाजवळ मुर्रीला भाड्यानं राहायला आलो. गोंदियाच्या एका वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खोट्या कागदावर तुझीही सही आहे, तुलाही त्रास होईल. मी म्हटलं, होऊ द्या. पोलिसांत पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि सांगितलं, सही माझी आहे, मी कबूल करते. पण फुल्या कोणी केल्या तेही लिहा. लिहून घ्यायला त्यांनी मला चार चकरा मारायला लावल्या. पाचव्या वेळी लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात त्या वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. भाभीसोबत आता नवीन बाई येते. केशोरी गावची. तिलाही नागपूरला नेऊन तपासून आणलं. तिला आता खुर्चीवर बसवतात.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं केशोरीला गेली, विचारत विचारत तिचं घर काढलं. ती सुट्टीला घरी आली होती. अंगणात धान वाळत होतं, ती पाय घालून वरखाली करत होती. मी कोण ते सांगितलं. नळ्या, सोनोग्राफी, फॉर्म, फुल्या, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, पण पाय थांबवले नाहीत.

मग म्हणाली, "तुले काय फायदा याच्यात? तुही नोकरी मले भेटली म्हणून तू माहं मन खराब करून राहिली."

मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

"घे संशय," मी म्हटलं. "माह्यावर घे. आन् तेवढाच त्याईच्यावर घे. देयाची असन तर दे, तुही आहे. पण पह्यले त्याईले इचार, कायले. तुया नावानं इचार, तुया बापाचं नाव सांगून इचार."

मी माझा नंबर लिहून दिला आणि एसटीला निघाली.

ती फोन करेल की नाही माहीत नाही. ती नाही म्हणेल की हो म्हणेल, तेही तिचं ती ठरवेल. पण काय काढून राहिले हे माहीत नसताना त्या घरातली कोणतीच बाई यापुढे विमानात बसणार नाही. तिच्यानंतर दुसरी आणली तर मी तिच्याही घरी जाईन. तक्रार मागे घे म्हणून निरोप येतात, धमक्या येतात. मी मागे घेणार नाही. उद्या मला अटक झाली तरी कोर्टात पहिला शब्द माझ्या बापाचं नाव असेल.